कॅमेरा कुठून घेऊ? आधी विचारा, बिघडला तर नेऊ कुठे

एका वाचकाचं पत्र:

‘सर, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. बी.कॉम. झालंय. घरची शेती बघतो आणि लग्नसराईत मामांच्या स्टुडिओत कॅमेरा धरतो. आता स्वतःच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत. हाताशी ९० हजार आहेत. मामांकडे सगळं कॅननचं, म्हणून मीही कॅननच बघतोय. एंट्री लेव्हलचा मिररलेस (बिनआरशाचा) कॅमेरा किट लेन्ससकट, म्हणजे सोबत येणाऱ्या साध्या लेन्ससकट, बेळगावच्या दुकानात ६८ हजार सांगतात, ऑनलाइन तोच ६२ हजारांना दिसतो. मुंबईतला मित्र म्हणतो, बोरा बाजारात बिल न घेता ५६ ला मिळवून देतो. निपाणीचे एक फोटोग्राफर त्यांचा वापरलेला कॅनन ६डी, २४-१०५ लेन्ससकट, ४५ हजारांना द्यायला तयार आहेत. शिवाय पावसाळ्यात आंबोलीला जाऊन बेडूक, किडे यांचे फोटो काढायची फार हौस आहे, त्याला मॅक्रो, म्हणजे बारीक वस्तू मोठी टिपणारी, लेन्स लागते म्हणे. लग्नवाले आता ड्रोनही मागतात. काय घेऊ आणि कुठून घेऊ? घरचे म्हणतात, एवढे पैसे घालून फसू नकोस.’

नमस्कार.

पत्रात भाव भरपूर आहेत, पण कॅमेरा बिघडला तर न्यायचा कुठे, हे त्यात कुठेच नाही. तुमच्या-माझ्या भागात खरेदीचा पहिला प्रश्न तोच असतो. बेळगावहून मुंबई साधारण पाचशे किलोमीटर आणि बेंगळुरूही तेवढंच. मोठा बाजार दोन्हीकडे एका रात्रीच्या प्रवासावर. मुंबईच्या फोर्टातल्या फोटोग्राफरचं शटर अडकलं तर तो दुपारी दुरुस्तीवाल्याकडे जाऊन संध्याकाळी कामावर हजर होतो. तुमचं शटर शनिवारी हळदीला अडकलं, तर रविवारच्या अक्षतांना तुमच्या हातात काय असेल? म्हणून सगळं एकाच ठिकाणाहून घ्यायचा विचार सोडा. ज्या वस्तूत मोटर, शटर, सर्किट आहे ती नवी, बिलासकट आणि शक्य तितकी जवळून घ्यावी. काच, म्हणजे लेन्स, जुनी चालते, मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघून. आणि वर्षातून चार-सहा वेळाच लागणारी वस्तू आधी भाड्याने आणावी. तुमच्या ९० हजारांची वाटणी मी याच हिशेबाने करणार आहे.

आधी बोरा बाजार. तो बाजार नावाजलेला आहे आणि तिथे चोख बिल देणारी जुनी दुकानं आहेत, त्यामुळे बाजाराला नावं ठेवायचं कारण नाही. माझा आक्षेप ‘बिल न घेता’ या तीन शब्दांना आहे. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. ६८ हजारांच्या बिलात साधारण १० हजार ४०० रुपये कर असतो. बिनबिलाचा भाव बहुतेक वेळा एवढ्याच रकमेने उतरलेला दिसतो. म्हणजे दुकानदार स्वतःच्या पदरचं काही सोडत नाही. तुमचं मात्र बरंच जातं. बिल नाही म्हणजे वॉरंटी मागायला आधार नाही, विम्याचा दावा करता येत नाही, चोरीला गेला तर पोलिसांपुढे ठेवायला कागद नाही, आणि उद्या विकायला काढलात तर तुमच्याकडेच संशयाने बघतील. शिवाय बिनबिलाचा माल पुष्कळदा परदेशातून परस्पर आलेला असतो. व्यवहारात त्याला ग्रे मार्केट म्हणतात. अशा बॉडीला (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला) भारतातली वॉरंटी मिळत नाही. ओळखायची साधी खूण खोक्यावर असते. नियमाप्रमाणे आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, निर्मितीचा महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेलं लेबल लागतं. ते नसेल, किंवा लेबलावरचा आणि बॉडीखालचा सिरीयल नंबर जुळत नसेल, तर खोकं परत ठेवा आणि दुकानाबाहेर पडा. मित्राचा हेतू चांगला आहे, त्याला दुखवू नका. बिलासकट भाव काय, एवढंच त्याला विचारायला सांगा. बऱ्याचदा तो बेळगावच्या भावाजवळच येतो, आणि मग प्रवासखर्च धरला तर मुंबई महागच पडते.

आता बेळगाव की ऑनलाइन. सहा हजारांचा फरक तुमच्यासारख्याला लहान नाही, हे मला कळतं. पण त्या फरकात काय काय येतं ते मांडून बघा. दुकानदारासमोर ऑनलाइनचा भाव ठेवा आणि मोकळेपणाने विचारा, ‘तुम्ही कुठवर याल?’ ६२ पर्यंत तो येणार नाही. ६५ च्या आसपास येऊन वर कंपनीची दुसरी बॅटरी आणि चांगलं मेमरी कार्ड देईल, अशी माझी अपेक्षा आहे. बॅटरी मात्र कंपनीचीच मागा, तिच्याऐवजी कुठलीही बॅग किंवा ट्रायपॉड घेऊन गप्प बसू नका. शिवाय नवी बॉडी दुकानात हाताळता येते, हा फायदा मी मोठा मानतो. मामांचा फ्लॅश आणि ट्रिगर (दूरचा फ्लॅश उडवणारं यंत्र) सोबत घेऊन जा आणि काउंटरवरच लावून बघा. कॅननच्या १५००डी, ३०००डी या स्वस्त बॉडींच्या फ्लॅशच्या जागेत मधली पिनच ठेवलेली नाही, त्यांवर साधा ट्रिगर चालत नाही. नव्या बॉडीवर मामांचं सामान चालतं की नाही, हे पैसे देण्याआधी कळायला हवं.

ऑनलाइनच घ्यायचं ठरलं तर घ्या, त्यात गैर काही नाही. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये भाव खरोखर उतरतात. पण पानावर कॅमेऱ्याच्या नावाखाली विक्रेता कोण आहे ते वाचा. कंपनीच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते, तिच्याशी ते नाव ताडून बघा. पत्ता गावचा देण्यापेक्षा बेळगावात राहणाऱ्या, दिवसा घरी असणाऱ्या नातेवाइकांचा द्या. पार्सलवरची चिकटपट्टी कापण्यापासून बॉडी सुरू होईपर्यंतचा सलग व्हिडिओ काढा, त्यात सिरीयल नंबर दिसू द्या. काही वाकडं झालंच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, विक्रेता कुठलाही असो. म्हणजे खटल्यासाठी दिल्लीला हेलपाटे नाहीत. मात्र त्यालाही बिल हवंच.

माझं मत विचाराल, तर फरक दोन-तीन हजारांवर आला की बेळगावातूनच घ्या. लग्नाच्या आदल्या दिवशी चार्जर जळाला तर तुम्ही त्याच माणसाकडे धावणार आहात, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला तो दुकानाचं शटर अर्धं ओढलं असतानाही आत घेईल.

निपाणीच्या ६डीवर थोडं सविस्तर लिहितो, कारण तो मोह मला समजतो. फुल फ्रेम, म्हणजे मोठा सेन्सर, वर एल या कॅननच्या वरच्या दर्जाच्या सिरीजची लेन्स आणि ४५ हजार. कॅमेरा खराब नाही. २०१२ साली आला तेव्हा मांडवातल्या मंद उजेडात तो काय फोटो काढायचा, हे त्या काळात काम केलेल्या कुणालाही विचारा. फक्त फोटोच काढायचे असते, तर मी तुम्हाला एवढ्या ठामपणे अडवलं नसतं. पण तुमच्या ऑर्डरी आता कशा येणार? बारसं असो की साखरपुडा, फोटोंच्या आधी रील मागतात. ६डीमध्ये फोकसचे फक्त ११ बिंदू आहेत, त्यांतला मधलाच काय तो पक्का भरवशाचा. चेहरा-डोळा धरून मागोमाग जाणारा फोकस आजच्या मिररलेसमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघतानाही मिळतो, तो त्यात नाही. फोर-के व्हिडिओ नाही. आणि हे मॉडेल आता जुनं झालंय. दर वर्षी त्याचे सुटे भाग मिळणं अवघडच होत जाणार. ज्या माणसाकडे एकच बॉडी असणार आहे, त्याने ती अशी निवडू नये.

लेन्स मात्र वेगळी गोष्ट. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, आणलेला नाही. त्यामुळे आपल्याकडचे स्टुडिओवाले एकेक करून मिररलेसकडे वळतायत आणि त्यांच्या डीएसएलआरच्या लेन्स बाजारात येतायत. चांगल्या काचा इतक्या आवाक्यात याआधी क्वचितच होत्या. कॅननच्या ईएफ लेन्स नव्या आर मालिकेच्या मिररलेस बॉडीवर ईएफ-ईओएस आर अडॅप्टर (मधला जोड) लावून ऑटोफोकससकट चालतात. (निकॉनवाल्या वाचकांसाठी सांगून ठेवतो: एफटीझेड अडॅप्टरवर जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही, हे बघूनच जुनी निकॉन लेन्स घ्या.) तेव्हा निपाणीच्या साहेबांना विचारा, नुसती २४-१०५ वेगळी देणार का. देत असतील तर ती पुढच्या सीझनसाठी बोलून ठेवा. यंदाच्या पैशांत ती बसवायचा हट्ट धरू नका.

पुढेमागे जुनी बॉडी घ्यायची वेळ आलीच, तर बघायचं कसं तेही आत्ताच सांगतो. दिवसाउजेडी त्यांच्या स्टुडिओत जा, रस्त्यात किंवा हॉटेलात भेटू नका. शटर किती वेळा उडालंय ते विचारा आणि तपासा. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच सापडतो. कॅननच्या ६डीसारख्या बॉडीला केबलने लॅपटॉप जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. आपल्याकडे लग्नात एका दिवसात दोन-तीन हजार क्लिक सहज होतात, म्हणून ‘दोनच वर्षं वापरलाय’ या वाक्याला एकट्याने अर्थ नाही. मग एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम फोकस हलवून, एक फोटो काढा. सेन्सरवरचे डाग काळ्या ठिपक्यांसारखे दिसतील. धूळ साफ होते, ओरखडा साफ होत नाही. लेन्सला टोपी लावून अर्ध्या मिनिटाचा फोटो काढा, त्यात रंगीत ठिपके किती चमकतात ते बघा.

यात आपल्या भागाची म्हणून एक खास तपासणी आहे आणि ती विसरू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, दूधगंगेच्या काठची कितीतरी दुकानं आणि स्टुडिओ पाण्यात गेले. पाण्यात राहिलेलं सामान वाळवून, पुसून पुन्हा बाजारात येऊ शकतं. विकणारा माणूस खोटं बोलतोय असंही नाही, त्यालाही ते तिसऱ्याकडून आलेलं असेल. बॅटरीचं झाकण उघडून आतल्या पितळी संपर्कांवर हिरवट-पांढरट थर आहे का बघा. तळाच्या स्क्रूंच्या खाचांत गंज आहे का ते नख फिरवून बघा. कार्डाच्या कप्प्यात टॉर्च मारा. यातलं एक जरी दिसलं तरी भाव कितीही उतरला तरी घेऊ नका, कारण असं सर्किट आज चालतं आणि कधी बंद पडेल ते कुणी सांगू शकत नाही.

लेन्ससाठी मोबाइलची टॉर्च पुरे. दोन्ही टोप्या काढा, ॲपर्चर उघडं ठेवा, मागून उजेड टाका आणि समोरून तिरकं बघा. धुळीचे चार कण असणारच, त्याने फोटोत काही फरक पडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू किंवा कडेने पसरलेला ढगाळ पट्टा दिसला तर ती बुरशी. खानापूर, जांबोटी, चोर्ला या पट्ट्यातल्या पावसात ती लागायला फार दिवस लागत नाहीत. वरवरची असेल तर कारागीर काढून देतो. काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर काही इलाज नाही. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल दिसता कामा नये. सौदा ठरला की साध्या कागदावर विक्रीची पावती लिहून घ्या: मॉडेल, सिरीयल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या, त्यांच्या ओळखपत्राची प्रत. निपाणीचे सद्‌गृहस्थ असतील तर त्यांना यात अपमान वाटणार नाही.

ओएलएक्स आणि फेसबुकवरच्या जाहिरातींबद्दल एकच ताकीद, पण ती कळकळीने. ‘मी आर्मीत आहे, बदली झालीय, म्हणून कॅमेरा स्वस्तात काढतोय’ अशी जाहिरात, सोबत वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र, ही देशभर चालणारी फसवणुकीची ठरलेली रीत आहे. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, कॅम्प परिसर, प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी फौजी. त्यामुळे इथल्या माणसाचा त्या वर्दीवर चटकन विश्वास बसतो, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला जातो. वस्तू हातात धरून बघितल्याशिवाय एक रुपया ॲडव्हान्स पाठवू नका, ‘कुरिअरचे तेवढे द्या’ म्हटलं तरी नाही. पैसे मिळवण्यासाठी कधीही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, त्याच क्षणी १९३० ला फोन लावा.

आता तुमच्या हौसेचा विषय, आणि माझ्याही जिव्हाळ्याचा. आंबोली तुम्हाला जवळ आहे, हे तुमचं भाग्य समजा. पावसाळ्यातल्या त्या रात्रींसाठी लोक पुण्या-मुंबईहून येतात. झुडपांवरचे बोटाच्या पेरापेक्षा फार मोठे नसलेले बुश फ्रॉग, हिरवी मलबार चापडा (सापाची जात), तळ्यावर लटकणारी मलबार ग्लायडिंग फ्रॉगची फेसाची घरटी. त्यासाठी लगेच नवी मॅक्रो लेन्स घेऊ नका. जुनी, आधीच्या पिढीची कॅनन ईएफ १०० एमएम मॅक्रो कधीतरी मिळेल, ती घ्यायचीच आहे. पण पहिल्या पावसाळ्यासाठी माझा सल्ला असा: एक जुनी कॅनन ५५-२५० एसटीएम लेन्स शोधा. किटसोबत आलेल्या आणि फारशा न वापरलेल्या अशा लेन्स खूप घरांत पडून असतात. तिच्या तोंडावर रेनॉक्स डीसीआर-२५० ही चिमुकली क्लोजअप लेन्स लावा. ती चिमट्यासारखी दाबून बसवायची असते, ५२ ते ६७ मिलिमीटरच्या फिल्टर आट्यांवर बसते, आणि ५५-२५० चा आटा ५८ चा आहे. तुमच्या नव्या किट लेन्सचा आटा ४९ चा असेल तर तिथे ती थेट बसत नाही, स्टेप-अप रिंग (आटा मोठा करणारी जोडरिंग) लागेल.

हे जुळवल्यावर २५० एमएमवर तुम्हाला वस्तूच्या दुप्पट आकाराची प्रतिमा सेन्सरवर मिळते. काचेपासून बेडकापर्यंतचं अंतर साधारण बारा-साडेबारा सेंटिमीटर राहतं. तेवढ्यावरच फोकस लागतो, पुढे-मागे नाही. म्हणून ऑटोफोकस बंद करा, कोपर गुडघ्यावर टेकवा आणि स्वतः किंचित पुढे-मागे होत डोळा धारदार दिसला की क्लिक करा. सुरुवात १०० एमएमच्या आसपास झूमने करा, थेट २५० वर गेलात तर फ्रेममध्ये बेडूक सापडणारच नाही. एफ ११ ते १६ ठेवावं लागतं, त्यामुळे फ्लॅशशिवाय गत नाही, आणि उघडा फ्लॅश ओल्या कातडीवर पांढरे चट्टे पाडतो. डिफ्यूझर विकत घेऊ नका. बेळगावातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानातून पांढरी फोम शीट आणि ट्रेसिंग पेपर आणा, फ्लॅशपासून लेन्सच्या टोकावर येईल असा छप्परासारखा आकार कापून रबरबँडने बांधा. महागड्या डिफ्यूझरइतकाच मऊ उजेड मिळतो. बेडकाला हात लावू नका, फांदी वाकवू नका, एका जिवावर फ्लॅशचा मारा करत बसू नका. फोटो नाही मिळाला तर पुढच्या रात्री मिळेल.

खरी मॅक्रो लेन्स एकदा हाताळायची असेल तर एका शनिवार-रविवारी भाड्याने आणा. पुणे आणि बेंगळुरूला भाड्याने देणाऱ्या पुष्कळ संस्था आहेत, आधार आणि अनामत घेऊन कुरिअरनेही पाठवतात. त्याआधी बेळगाव-कोल्हापुरात लग्नाचे कॅमेरे भाड्याने देणाऱ्यांकडे चौकशी करा. ताब्यात घेताना लेन्सचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढून त्यांनाच पाठवून ठेवा.

मोठ्या बाजारांचं थोडक्यात सांगतो. कोल्हापूर आपल्याला शंभर-एकशेदहा किलोमीटर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतःचा सिनेकॅमेरा ज्या शहरात घडवला, त्या शहरात कॅमेरा उघडून पुन्हा नीट बंद करणारे हात आजही शोधले तर सापडतात. दुरुस्तीसाठी मी आधी तिथेच विचारेन. स्टुडिओचे दिवे, सॉफ्टबॉक्स, पडदे, रिफ्लेक्टर हे वजनदार सामान कोल्हापूर किंवा पुण्यातून घ्यावं. दिल्लीचा चांदणी चौकातला कुचा चौधरी बाजार देशातला मोठा फोटो बाजार आहे, पण तुमच्या एका कॅमेऱ्यासाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. मामा आणि आणखी दोन स्टुडिओवाले मिळून दिवे एकगठ्ठा आणणार असतील तरच विचार करा. मुंबईला गेलात तर बोरा बाजारात जरूर फिरा, रविवार सोडून. जुन्या लेन्स एका जागी एवढ्या हाताळायला दुसरीकडे मिळणार नाहीत. सामान डोळ्यांना ओळखीचं होतं, भावाचा अंदाज येतो. परदेशातल्या जुन्या सामानाच्या संकेतस्थळांच्या किमती बघून हळहळू नका, त्यावर सीमाशुल्क आणि कर चढला की तो भाव उरत नाही, आणि परत पाठवायची सोयही नाही.

बॅटरी, चार्जर, मेमरी कार्ड या तीन गोष्टी जुन्या कधीच घेऊ नका. कार्डं नकली फार निघतात. बिल देणाऱ्या दुकानातून घ्या, आणि पहिल्या ऑर्डरीआधी एकदा पूर्ण भरून, लॅपटॉपवर उतरवून सगळ्या फाइल उघडतात का बघा.

ड्रोन यंदा नाही. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारची बंदी आहे, त्यामुळे लग्नवाल्यांच्या आवडीचा तो परदेशी ड्रोन ‘नवा, सीलबंद’ म्हणून कुणी देत असेल तर तो आला कुठून, हा प्रश्न पडायला हवा. शिवाय सांबऱ्याचा विमानतळ, हवाई दलाचं केंद्र आणि लष्कराचा परिसर यांमुळे बेळगावात मनाला येईल तिथे ड्रोन उडवता येत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघावा लागतो. भीमगड अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय विषयच नाही. एखाद्या लग्नवाल्याला ड्रोन हवाच असेल तर नोंदणी आणि परवाना असलेल्या ड्रोनवाल्याला त्या दिवसापुरता सोबत घ्या आणि त्याचे पैसे बिलात वेगळे दाखवा.

तर वाटणी अशी. ६५ ते ६६ हजारांत बेळगावातून नवी बॉडी, किट लेन्स, दुसरी बॅटरी, कार्ड. उरलेल्यातून अडॅप्टर, जुनी ५५-२५० आणि रेनॉक्स. नीट शोधलंत तर वीसच्या आसपास बसेल. जे चार-पाच हजार राहतील त्यांना एवढ्यात हात लावू नका. फ्लॅश या सीझनला मामांचा वापरा. तुळशीचं लग्न झाल्यावर ऑर्डरी सुरू होतात, तेव्हा बॉडी दिवाळीच्या सुमारास घ्या म्हणजे सेलचा भाव दुकानदारासमोर ठेवता येईल आणि सराव करायला थोडे दिवसही मिळतील. लेन्सचा शोध मात्र आजपासून सुरू करा.

आणि त्या राखलेल्या पैशांतले हजारभर रुपये पावसाळ्याआधी खर्च करा. झाकणाला रबर असलेला हवाबंद प्लास्टिकचा मोठा डबा, आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर आणि अर्धा किलो सिलिका जेल आणा. मीटरचा काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील इतकीच सिलिका घाला. तांदळात कॅमेरा पुरून ठेवायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, त्याची पूड लेन्सच्या सांध्यांत जाते. सिलिका रंग बदलणारी घ्या, पण निळी नको, तिच्यात कोबाल्ट असतं. नारंगी मिळते. रंग उतरला की मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येते, फक्त त्यासाठी स्वयंपाकाचा तवा घेऊ नका, जुनं भांडं वेगळं ठेवा. आंबोलीहून भिजून आलात की सामान थेट डब्यात बंद करू नका, रात्रभर पंख्याखाली ठेवून सकाळी डब्यात ठेवा.

५५-२५० चा सौदा जमत आला की पैसे देण्याआधी टॉर्च मारून काढलेले तिचे दोन फोटो मला पाठवा. बुरशी आहे की नुसती धूळ, ते बघून सांगतो.